एका चुलीचं सुतक

आमच्या घरात दिवसाढवळ्या आडवं व्हायला दोनच कारणं चालत: ताप किंवा बाळंतपण. तिसरं कारण कोणी काढलंच, तर आई कपाळाला हात लावून बघायची आणि कपाळ थंड लागलं की हातात झाडू द्यायची. पापा सरकारी कचेरीतून आल्यावर खुर्चीत बसत, पण टेकत नसत. ताठ बसून चहा संपवायचा आणि उठायचं. हे मी आता लिहिते आहे ती सोफ्यावर बसून, पाय उशीवर, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. समोर माझी नात जमिनीवर पडून भिंतीला पाय लावून आहे. तीही बॅडमिंटन खेळते. तिच्या कोचनं फोनवर कळवलंय की आज काही म्हणजे काही करायचं नाही, आणि पोरगी ते काम अगदी मन लावून करते आहे. तिला कोणी बोलत नाही. मीही बोलत नाही, नुसती तिच्या पोटऱ्यांकडे बघत बसते. त्यांच्यावर सूज नाही.

आमच्या बेटावरच्या फिनिक्स गावातलं आमचं घर पुढून सिमेंटचं आणि मागून पत्र्याचं होतं. पुढची बाजू पापांच्या नोकरीची, मागची आजोबांच्या काळातली. हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जुलै-ऑगस्टात, तिथे दिवसच्या दिवस बारीक पाऊस भुरभुरत राहायचा. धो धो कधी नाही, पण वाळत घातलेलं कापड कधी वाळायचंही नाही. मागच्या पत्र्यावर तो आवाज अखंड चालू. त्यात स्वयंपाकघरातून पाट्यावर मिरची-लसूण वाटल्याचा आवाज, रेडिओवर फ्रेंच बातम्या, आणि वळणावर गिअर बदलणाऱ्या बसचं खाकरणं. चुलीवर ताबा आतेचा. आते म्हणजे पापांची थोरली बहीण. तिला सुरिनामला दिली होती, बेटाच्याच दक्षिणेला, त्या नावाच्या समुद्राजवळच्या गावात. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, सासरच्यांनी ठेवून घेतलं नाही. ती एक ट्रंक घेऊन भावाकडे आली ती कायमची. आई शिवणाच्या मशीनवर, आते चुलीवर, अशी दोघींची वाटणी होती आणि भांडण फक्त मिठावरून व्हायचं.

आतेकडे आणखी एक खातं होतं: काय चालतं आणि काय चालत नाही. आमचे पणजोबा-खापरपणजोबा कोकणातून ऊसमळ्यांवर आले तेव्हा पोथ्या घेऊन आले नव्हते. जे काही होतं ते तोंडी होतं, आणि तोंडातून तोंडात जाताना अर्धं सांडलं होतं. उरलेलं आतेपाशी होतं. कोणत्या दिवशी नखं काढू नयेत, सवाष्णीनं काय शिवू नये, गणपतीच्या आधी घरात मटण कधी बंद करायचं, सगळं तिला विचारायचं. पापा मराठी सभेचे सेक्रेटरी होते, इंग्रजीत पत्रं लिहायचे, पण घरात काही अडलं की स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायचे, "आक्का, हे चालतं काय?" आते हातातलं काम न थांबवता निकाल द्यायची. त्यावर अपील नव्हतं. (मी पुढे आयुष्यभर शाळेत मराठी शिकवली, म्हणून माझी लेखणी अशी सरळ चालते. घरातल्या माणसांना मात्र ती बोलत तशीच बोलू देते.)

बॅडमिंटन माझ्या आयुष्यात आलं ते कॉलेजच्या हॉलमधून. कॉलेज म्हणजे आमच्याकडे मोठी शाळा. संध्याकाळी तिथे एक क्लब जमायचा. सगळे हौशी, कोणी बँकेत, कोणी दुकानात, आम्ही काही मुली. शिकवायला मिस्ये लिम, चिनी गृहस्थ, दिवसा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचा आवाज कधी चढला नाही. पिसांची शटलकॉक ते बाथरूममध्ये गरम पाण्याच्या वाफेवर धरायचे, म्हणजे पिसं तुटत नाहीत, आणि एकेक असं जपायचे की आमची ती मारायची छातीच व्हायची नाही. मी उंच होते, हात लांब होता, मागच्या कोपऱ्यातून शटल पार पलीकडच्या रेषेवर टाकता यायचं. दोन वर्षांत मी क्लबातल्या मुलींमध्ये पहिली आले. त्याच सुमारास बातमी आली की बेटाची एक टीम शेजारच्या रेयुनियों बेटावर खेळायला जाणार आहे आणि मुलींमधून दोघींना घेणार आहेत. ही बातमी मी जेवताना सांगितली. पापांनी घास खाली ठेवला. "आपल्या लोकातली पोरगी टीममधे कंदी गेलेली नाय," ते म्हणाले. त्यांनी मला विचारलं नाही की जायचंय का. मला जायचं होतं. फार जायचं होतं. विमान मी फक्त खालून पाहिलं होतं.

त्या दिवसापासून 'वरचं' सुरू झालं. हा शब्द कळायला आजोबांपासून सांगावं लागेल. आजोबा ऊसतोडे. मळ्यावर सकाळी सरदार, म्हणजे मुकादम, प्रत्येकाला त्याचा भाग आखून द्यायचा, इथून तिथपर्यंत. त्याला लातास म्हणत. तो संपला की माणूस मोकळा. आजोबा मोकळे होत नसत. स्वतःचा लातास संपवून ते वर आणखी अर्धा करायचे. त्या वरच्या अर्ध्यातून पापा शिकले, कचेरीत लागले, पुढचं सिमेंट आलं. पापांनी हे इतक्या वेळा सांगितलं होतं की आम्हा मुलांना ते पाठ होतं. लातास सगळेच करतात, माणूस पुढे जातो तो वरच्या अर्ध्यावर. तेव्हा क्लबमधला सराव हा माझा लातास झाला. वरचा अर्धा म्हणजे पहाटे उजाडायच्या आत उसाच्या कडेच्या रस्त्यानं धावणं, पापा सायकलवर मागे. मग परसात दोरीच्या उड्या. दुपारी पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर शटल मारणं, हात भरून येईपर्यंत. क्लबचा सराव संपवून घरी आल्यावर, बाकीच्या मुली पाय धुऊन जेवायला बसत असतील तेव्हा, पापा दारात उभे असायचे. "थोडंसं वरचं," म्हणायचे. गोड आवाजात म्हणायचे. ओरडले असते तर मी बहुधा भांडले असते.

पहिले काही आठवडे अंगात वारं भरल्यासारखं झालं. मग एक दिवस पायऱ्या चढताना पाय उचलावा लागला. एरवी पाय आपला आपण उचलला जातो, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. थकवा कसा येतो हे खेळणाऱ्यांना सांगायला नको आणि न खेळणाऱ्यांना सांगून कळत नाही. तो झोपेनं जात नाही, कारण झोपच येत नाही. पडलं की छातीत धडधड आणि पोटऱ्या आपोआप फडफडतात. भूक मेली. आतेनं मुद्दाम माझ्यासाठी केलेली सुक्या माशाची रुगाय, टोमॅटो-कांद्याची, तिचा वास आला तरी मी ताट दूर सरकवायची. नाक सारखं वाहतं. वर्गात भूगोलाच्या बाई बोलत आणि मी उघड्या डोळ्यांनी कुठेतरी असायची. सगळ्यात वाईट म्हणजे खेळ उतरला. जे शटल मागच्या रेषेवर पडायचं ते मधेच पडायला लागलं, आणि पलीकडची पोरगी ते आरामात खाली मारायची. ज्या मुलींना मी सहज हरवत होते त्या जिंकायला लागल्या आणि जिंकून माझी कीव करायला लागल्या.

पापांनी हे पाहिलं आणि वरचं वाढवलं. दुसरं काय करणार? उतरतंय म्हणजे कमी पडतंय, कमी पडतंय म्हणजे आणखी करायचं. मलाही तसंच वाटायचं. ऊस तोडणाऱ्याची नात मी, मऊ गादीवर वाढलेली, म्हणून दमते, असं मी स्वतःला सुनवायची. मिस्ये लिमनी एका संध्याकाळी माझी रॅकेट हातातून काढून घेतली. "तो फातिगे, तिफी. आल दोर्मी." दमलीस पोरी, जाऊन झोप. मी घरी येऊन हे सांगितलं. पापा हसले. "घड्याळवाला माणूस तो. घड्याळ बंद ठेवलं तर चालंल काय?" आई मशीनवरून म्हणाली, "पोर वाळली हो." पापा म्हणाले, "निवड होऊ दे, मग भर तिला." आते माझ्या पायाशी बसली होती. तिनं माझ्या घोट्यावर अंगठा दाबला, उचलला, आणि पडलेला खड्डा भरून यायची वाट बघत राहिली. तो लवकर भरला नाही. ती उठून चुलीकडे गेली.

निवडीच्या सामन्यांना थोडेच दिवस उरले असताना सुरिनामहून निरोप आला. आतेचा चुलत दीर वारला. त्या माणसाला आमच्यापैकी कोणी धड पाहिलेला नव्हता. मासेमारी करायचा, पिऊन असायचा, आणि आते विधवा झाली तेव्हा तिला घराबाहेर काढणाऱ्यांत तो होता, एवढी त्याची ख्याती आमच्यापर्यंत पोचली होती. निरोप घेऊन आलेल्या माणसानं चहा घेतला आणि तो गेला. आतेनं मागे जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं, ओल्या केसांनी आली आणि देवापुढचा दिवा पदरानं विझवला.

"आता धा दिवस सुतक," ती म्हणाली.

"तुला," पापा म्हणाले.

"घराला."

पापांनी चष्मा काढला. "आक्का, तो तुझ्या सासरचा. आमचं काय त्यात?"

"मी कुटं जेवते?" आतेनं विचारलं. "तुमी कोणाच्या हातचं खाता? चूल एक हाय ना? मंग एका चुलीचं सुतक एकच."

"हे मी कंदी आइकलं नाय."

"तू काय काय आइकलं नायस गोइंदा. आता तोंडावर गणपती हाय. सुतक न फेडता गणपती आणायचा असंल तर आण बापडा. सभेचा सेक्रेटरी तू."

हे शेवटचं वाक्य बरोबर जाऊन लागलं. पापांना चढ्या आवाजाची भीती नव्हती, मेलेल्यांची आणि गणपतीची होती. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. सुतक फिटून निवडीपर्यंत जेमतेम श्वास घ्यायला जागा उरत होती. त्यांचा चेहरा पडला. मला मात्र रडू फुटलं. मी ओरडले की त्या मेल्या दारुड्यासाठी माझं विमान गेलं. आतेनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "सुतकात रडू नये," ती म्हणाली. आता मला वाटतं, सगळ्या सुतकांमध्ये हे एकच असं असेल ज्यात रडायला बंदी होती.

त्यानंतर नियम एकामागून एक निघाले. क्लबात जायचं नाही, कारण खेळ म्हणजे सण. हे पापांना पटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी सायकल बाहेर काढली, तर आते दारात. "सुतकात धावू नये. मेल्याचा जीव मागनं धावतो." पापांनी सायकल आत घेतली. मग ते म्हणाले की निदान परसात दोरीवर उड्या मारू दे. "दोरी?" आते म्हणाली. "तिरडी कशानं बांदतात?" दोरी खुंटीवर गेली. टाकीच्या भिंतीवर शटल मारायचं, तर सुतकात भिंत हलवू नये. पापा दारात उभे राहून काहीतरी नवं सुचवायचे आणि आते पीठ मळता मळता त्यासाठी मनाई काढून द्यायची. शेवटी ते कचेरीत जायलाही कचरले, तेव्हा ती म्हणाली, "जा तू. सरकाराला सुतक नसतं."

गाद्या बंद झाल्या. सुतकात जमिनीवर झोपायचं. आतेनं मागच्या खोलीत चटई टाकली, वर तिच्या जुन्या साड्यांची जाड वाकळ आणि मला म्हणाली, "पड." कॉलेजला सुट्टी होती, म्हणजे तेही निमित्त नव्हतं. फोडणी बंद, तळण बंद, मासे बंद. त्यामुळे ज्या वासांनी मला जेवण नको व्हायचं ते सगळेच बंद झाले. सकाळी तूप घातलेली पेज यायची. मग उकडलेला मानियोक कंद, उकडलेली रताळी, मऊ भात आणि वरण. थोड्या वेळानं परत पेज. "सुतकात ताटात टाकू नये," आते म्हणायची, आणि मी ताट संपवायची. पहिले दोन दिवस मी पत्र्याकडे बघत पडून होते, छातीत धडधड, मनात दुसऱ्या मुलींचे पाय धावताहेत. ती कुर्पीप गावची जोसियान, माझी खरी स्पर्धक, आत्ता हॉलमध्ये असेल. तिच्या घरी कोणी मरत नाही. आते कढईत मीठ तापवायची, फडक्यात बांधायची आणि माझ्या पोटऱ्या शेकायची. तिचा हात जड होता, आणि त्या जड हाताखाली तिसऱ्या का चौथ्या दुपारी मला झोप लागली.

त्या झोपेबद्दल मी काय सांगू? त्यानंतर मी लग्न केलं, दोन बाळंतपणं केली, चांगल्या गाद्यांवर झोपले, पण तशी झोप पुन्हा नाही. दुपारी लागायची आणि उठले की पुन्हा दुपारच असायची, ती त्याच दिवसाची की दुसऱ्या ते कळायचं नाही. पत्र्यावर तो बारीक पाऊस. मधेच जाग आली की स्वयंपाकघरात आते कोणाला तरी दबक्या आवाजात दटावत असायची, "हळू. सुतक हाय." आईनं मशीनसुद्धा बंद ठेवलं होतं. शेवटच्या दिवसांत एकदा मी उठून परसात गेले, आणि पायरी चढून परत आले, आणि आत आल्यावर लक्षात आलं की पाय आपला आपण उचलला गेला. मी घोट्यावर अंगठा दाबून पाहिला. खड्डा पडला नाही. तेव्हा मला एवढंच वाटलं की चला, निदान सूज गेली. टीम तर गेलीच आहे.

सुतक फिटलं. घर धुतलं, सगळ्यांनी डोक्यावरून आंघोळी केल्या, दिवा लागला. पापांनी त्या उरलेल्या दोन दिवसांत तरी थोडं वरचं करू म्हणून सायकलला हात लावला, पण मन नव्हतं त्यांचं; ती परत टेकवून ठेवली. निवडीच्या दिवशी आम्ही बसनं गेलो. वाटेत ते तिकिटाची सुरळी करत राहिले. हॉलमध्ये ओल्या लाकडाचा वास, बाकांवर आयाबाया, आणि जोसियान दोरीवर उड्या मारतेय. तिचे डोळे मला ओळखीचे वाटले. खाली काळं, आत लाल. माझ्या आरशातले डोळे होते ते, दोन आठवड्यांपूर्वीचे. आता कळतं की तिच्याही घरी कोणीतरी गोड आवाजात 'थोडंसं आणखी' म्हणणारं असणार.

पहिला गेम मी हरले. हात विसरला होता, शटल जाळीत. दुसऱ्यात हाताला आठवायला लागलं. मग एक वेळ अशी आली की तिनं माझ्या डाव्या मागच्या कोपऱ्यात उंच शटल टाकलं, जिथे मी महिनाभर धापा टाकत उशिरा पोचत होते, आणि मी तिथे जाऊन उभी राहिले, आणि शटल अजून वरच होतं. मला वाट बघावी लागली. वेळ उरला होता! रॅकेट मागे नेली, पलीकडे जोसियान कुठे उभी आहे ते पाहिलं, तिच्या पाठीमागची पांढरी रेषा पाहिली, आणि मग मारलं. त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. तिसरा गेम लांबला. शेवटी शेवटी ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकायला लागली आणि मला तिचं इतकं वाईट वाटलं की एक सर्व्हिस वाया गेली. मग ती जाळीपाशी आली आणि हात पुढे केला. मिस्ये लिम बाकावरून उठून माझ्याकडे आले, माझ्या डोळ्यांखाली निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तो फिन दोर्मी, एं?" झोपलीस तर.

परतताना बसमध्ये पापांना शब्द आवरेनात. सगळ्या बसला ऐकू जाईल असं सांगत होते, "बघितलंस? पहाटेचं धावणं कामाला आलं. वरचं कंदी वाया जात नाय." घरी पोचलो तेव्हा आते कढईत गातो पिमां तळत होती, भरड डाळीच्या मिरचीवड्या, सुतकानंतरचं पहिलं तळण. पापांनी तिलाही तेच सांगितलं. "होय काय," आते म्हणाली आणि माझ्यापुढे वड्यांची ताटली सरकवली.

रेयुनियोंची हकिगत थोडक्यात सांगण्याजोगीच आहे. विमानात खिडकी मिळाली. पहिल्याच सामन्यात एका दणकट फ्रेंच मुलीनं मला चहा निवायच्या आत हरवलं. मला त्याचं दुःखही नीट झालं नाही. परत आल्याच्या आठवड्यात वरचं पुन्हा सुरू झालं, आणि मी खेळत होते तोवर सुरिनामला कोणी मेलं नाही. मी आणखी काही वर्षं खेळले. पाय पुन्हा सुजले, उतरले, सुजले. मग एका साध्या सरावात गुडघ्यातून आवाज आला, आणि तेव्हाच्या डॉक्टरनं सांगितलं की मुलीच्या जातीला संसारापुरता गुडघा शाबूत आहे. हाच तो, जो आत्ता शेकते आहे. पापांना मी दोष देत नाही. देऊन झाला, आता दमले.

पुढे मला लालमती गावात दिलं. थोरलं मूल कडेवर घेऊन एकदा माहेरी आले, तर आते मागच्या खोलीत एकटीच चटईवर बसलेली, वेगळं ताट, वेगळा तांब्या. सुरिनामच्या सासरघरातला दुसरा कोणी चुलत दीर गेला होता. आणि स्वयंपाकघरात आई खुशाल पुऱ्या तळत होती, देवापुढे दिवा होता, पापा सभेला गेले होते. मी पुरीचा घास तोंडात तसाच ठेवून मागे गेले.

"आते, सुतक?"

"माजं हाय. तुमचं नाय."

"आणि मग तेव्हाचं? एका चुलीचं?"

आतेनं बाळाला मांडीवर घ्यायला हात पुढे केले, ते सुतक आठवून मागे घेतले. "तवा तुजे पाय सुजलेले," ती म्हणाली.

मी उंबऱ्यावर बसले. तिला घाई नव्हती. "लिम्यानं सांगितलं, तुज्या आयनं सांगितलं. तुजा बाप जित्याचं आइकतो काय? मेल्याला भितो. मंग तो मेला म्हणून निरोप आला. म्हटलं, जिता असताना माज्या कंदी कामाला आला नाय, आता तरी येऊ दे." तिनं वाटीतली पेज ढवळली. "पाप लागलं असंल तर माजं मला." मग आवाजही न बदलता म्हणाली, "मी तुज्याएवढी होती तवा बाबासंगती मळ्यात जायची. वरचा अर्धा एकट्या बाबाचा नव्हता. माजे पाय सुजले तवा घरात कोण मेलं नाय."

त्या वरच्या अर्ध्याबद्दल पापांनी आम्हाला इतकं सांगितलं होतं, पण त्यात आते कधीच नव्हती. पापा धाकटे, त्यांना माहीत तरी होतं का, कोण जाणे. मी विचारलं नाही.

आते गेली तेव्हा माझं वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे. शाळेत नोकरी, घरात दोन मुलं, सासूबाई अंथरुणावरून नुकत्या उठलेल्या, टेबलावर तपासायच्या वह्या. फिनिक्सहून अंत्यविधी आटोपून लालमतीला परत आले, आंघोळ केली आणि मागच्या खोलीत चटई टाकली. सासूबाई दारात आल्या. "भाचीला कसलं सुतक? पाणी घेतलंस, फिटलं." मी म्हटलं, "आमची चूल एक होती." त्यांना ते कुठल्या शास्त्रात बसतं कळलं नाही, पण मराठीच्या मास्तरणीशी वाद कोण घालणार! शाळेला कळवलं. नवऱ्याला सांगितलं की फोडणी नको, पेज कर. मग मी पडले. कितीतरी वेळ रडले, कारण आता मनाई करायला ती नव्हती.

एका दुपारी पापा आले. एकटेच, बस बदलून, छत्री हातात. ते आता रिटायर झाले होते, तरी कोट तोच आणि पाठही तशीच ताठ. खोलीच्या दारात उभे राहिले. मला दिवसा आडवी बघून त्यांनी सवयीनं विचारलं, "ताप आला काय?"

"नाही पापा. सुतक."

"तुला?" ते म्हणाले. मी मान हलवली. बाहेर कोणाची तरी मुलं भिंतीवर चेंडू मारत होती. पापांनी छत्री कोपऱ्यात ठेवली. डोळ्यांखाली काळं, आत लाल. हे डोळे मला माहीत होते.

"हे तिलाच इचारत होतो," ते म्हणाले. "आता कोणाला इचारू? बहिनीचं... मला पन हाय काय?"

"आहे," मी म्हटलं. "पुरं आहे. एका चुलीचं एकच."

मी उठून शेजारी दुसरी चटई टाकली. त्यांनी कोट काढला, बूट काढले, ते भिंतीशी जोडून ठेवले. मग माझे पापा भरदुपारी, अंगात ताप नसताना, जमिनीवर आडवे झाले.